शेकड्यापासून सुरू करा, टक्केवारी नंतर: मोठ्या माणसांना पैशाचं गणित शिकवताना

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, की तुम्ही रिटायर्ड गणिताचे शिक्षक, गावातल्या दोन बचत गटांनी "आम्हाला पैशाचा हिशोब शिकवा" म्हणून गळ घातलीये, वर्गात पंचविशीपासून साठीपर्यंतच्या बायका, कोणी चौथी तर कोणी बारावी, काही जणी ऊसतोडीला जाणाऱ्या. आणि तुम्ही सिलॅबस काढलाय: बेरीज वजाबाकीची उजळणी, मग अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, सरळव्याज, चक्रवाढव्याज. हा क्रम बरोबर आहे का, किती दिवसांत होईल, आणि बायका मध्येच सोडून जाऊ नयेत म्हणून काय करायचं. मी मराठवाड्यात गटांबरोबर बरीच वर्षं हेच काम करतेय म्हणून जरा लांबलचक लिहिते, एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

पहिलं म्हणजे हा क्रम सोडून द्या. तो सातवीच्या पोरांचा क्रम आहे, त्यांना पुढे आठवीत जायचंय. या बायकांना पुढच्या सोमवारी हप्ता भरायचाय. अपूर्णांकाची उजळणी सुरू केलीत की दुसऱ्या दिवशी निम्म्या येणार नाहीत, आणि न येण्याचं कारण "घरी पाहुणे आलेत" असं सांगतील पण खरं कारण ते नसतं. शाळेत छडी खाल्लेली असते याच विषयापायी, फळा आणि खडू दिसला की पोटात गोळा येतो. माझ्या वर्गात मी कोणालाही फळ्यापाशी बोलवत नाही, कधीच नाही, आणि "गणित" हा शब्दसुद्धा वापरत नाही, "हिशोब" म्हणते.

दुसरं, त्यांना हिशोब येतो. हे मी गोड बोलायचं म्हणून नाही सांगत. चाळीस रुपये किलोची भाजी सव्वासात किलो दिली तर किती, असं आमच्या आठवडी बाजारातल्या बाईला विचारा, सात चोक अठ्ठावीस म्हणजे दोनशे ऐंशी न वर पावाचे दहा, दोनशे नव्वद, तुम्ही पेन काढेपर्यंत तिने पिशवी हातात दिलेली असते. तेच तिला कागदावर ७.२५ × ४० असं लिहून द्या, ती कागद शेजारणीकडे सरकवेल. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या टीमचा एक अभ्यास २०२५ मध्ये नेचरमध्ये आला होता, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर, त्यात हेच दिसलं की धंद्यावर अवघड हिशोब तोंडी करणारी पोरं शाळेच्या पद्धतीच्या उदाहरणात अडकतात, आणि उलट शाळेतली पोरं बाजाराच्या हिशोबात अडकतात. मोठ्यांचं वेगळं काही नाही. साठीच्या ज्या बायका असतील ना त्यांच्यात एखादी पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्ध्या आणि दीडचे जुने पाढे) पाठ असणारी निघेलच, तिला पहिल्याच दिवशी म्हणायला लावा, आख्खा वर्ग मोकळा होतो.

मग अडतं कुठे? माझ्या अनुभवात दोनच जागी अडतं. व्याज नेमकं किती रकमेवर लागतंय, आणि ते किती काळाचं आहे. गुणाकार येत नाही म्हणून फसलेली बाई मी क्वचित पाहिलीये. रक्कम आणि मुदत या दोन गोष्टी समोरच्याने नजरेआड केल्या म्हणून फसलेल्या मात्र शिकल्यासवरलेल्यांसकट खूप आहेत, माझ्याच नात्यात एक बीकॉम झालेला आहे. तुमचा पूर्ण कोर्स या दोन प्रश्नांभोवती फिरवा. बाकीचं लागेल तसं मध्ये मध्ये येतं, दशांश वगैरे.

पहिल्या बैठकीला मी एकच प्रश्न टाकते. सावकार म्हणतो शेकडा तीन, बँक म्हणते बारा टक्के, स्वस्त कोण? हात वर करायला सांगा. बऱ्याच जणी सावकार म्हणतात, आणि तुम्ही लगेच "चूक" म्हणू नका. त्यांना विचारा की शेकडा तीन म्हणजे कसं ओ? मग सांगतात, शंभराला महिन्याला तीन रुपये. बरं, दहा हजाराला महिन्याला किती? तीनशे. वर्षाला? छत्तीसशे. बँक दहा हजाराला वर्षाला किती घेते बारा टक्क्यांनी? बाराशे. इथे जी शांतता पडते ती पडू द्या, मध्ये बोलू नका, मास्तर लोकांना ही सवय असते लगेच समजावून सांगायची. कोणीतरी स्वतःच म्हणतं, म्हणजे बँकेचा शेकडा एकच की. झालं. मग तो छोटा तक्ता त्यांच्याकडूनच करून घ्या: शेकडा १ म्हणजे वर्षाचे १२ टक्के, दीड म्हणजे १८, दोन म्हणजे २४, तीन म्हणजे ३६, पाच म्हणजे ६०, आणि शेकडा दहा म्हणजे वर्षाला १२० टक्के, मुद्दलापेक्षा व्याज जास्त. हा तक्ता प्रत्येकीच्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवा. गटाचं स्वतःचं अंतर्गत कर्ज बऱ्याच ठिकाणी शेकडा दोनने असतं म्हणजे २४ टक्के, त्यावर चर्चा होईल, होऊ द्या, ते व्याज निदान गटातच राहतं आणि वर्षअखेरीला वाटून मिळतं हा फरक त्याच सांगतील.

ही बैठक झाली की टक्केवारी शिकवायची वेगळी गरज उरत नाही जवळपास. शंभराला किती, एवढंच. दहा टक्के म्हणजे शेवटचं शून्य उडवा, पाच म्हणजे त्याचं निम्मं, एक टक्का म्हणजे दोन शून्यं उडवा. अठरा टक्के जीएसटी काढायचा असेल तर वीस टक्क्यांतून दोन टक्के वजा. पन्नास टक्के आणि वर वीस टक्के सूट म्हणजे सत्तर नाही साठच, हजाराचे आधी पाचशे आणि मग पाचशेचे वीस टक्के शंभर, चारशे द्यायचे. हे त्यांना साडीच्या सेलमुळे आवडतं, पण यात फार वेळ घालवू नका, पंधरा मिनिटं पुरे.

वेळ घालवायचा तो पुढच्या गोष्टीवर, फ्लॅट व्याजावर, म्हणजे कर्ज फिटत आलं तरी सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच लागत राहणाऱ्या व्याजावर. यासाठी चिंचोके घेऊन जा. आमच्याकडे मी हे चिंचोक्यावरच करते, कागदावर करूच नका. सांगायचं असं की सुमनने बारा हजार घेतले बारा महिन्यांसाठी, शेकडा दोनने. (सुमन वर्गात कोणी नाही बघा आधी, असेल तर दुसरं नाव घ्या.) एक चिंचोका म्हणजे एक हजार. सुमनच्या हातात बारा चिंचोके द्या. दर महिन्याला ती एक चिंचोका मुद्दल म्हणून परत करणार. आता दर महिन्याला तिच्या हातात किती चिंचोके आहेत ते मोजायचं आणि वहीत लिहायचं: पहिल्या महिन्यात १२, दुसऱ्यात ११, मग १०, असं करत शेवटी १. बेरीज करा, ७८ येते. एक चिंचोका एक महिना वापरायचं भाडं किती, हजाराला शेकडा दोनने वीस रुपये. ७८ गुणिले २० म्हणजे १,५६० रुपये. हे झालं खरं व्याज, जेवढे पैसे जेवढे दिवस तिच्याकडे होते तेवढ्याचंच.

आता फ्लॅटवाला काय करतो? तो म्हणतो बारा हजाराला महिना दोनशे चाळीस, बारा महिन्यांचे २,८८०, भागिले बारा, मुद्दलासकट हप्ता १,२४०. म्हणजे तो दर महिन्याला बाराच चिंचोके मोजतोय, १४४ झाले. त्या १४४ पैकी ६६ वेळा तो चिंचोका सुमनने आधीच परत दिलेला आहे, त्याचंही भाडं चालूच आहे. ६६ गुणिले २०, १,३२० रुपये जास्तीचे. या ठिकाणी बायका चिडतात, खरंच चिडतात, "घर सोडल्यावर पण भाडं घेतोय की मेला" असं एकीने म्हटलेलं आणि तेव्हापासून मी हेच उदाहरण वापरते. तुम्हाला स्वतःसाठी आकडा हवा असेल तर हा १,२४० चा हप्ता म्हणजे घटत्या शिल्लकीवर साधारण शेकडा साडेतीन पडतो, वर्षाला बेचाळीसच्या आसपास. वर्गात एवढंच सांगा की वर्षभराच्या हप्त्याच्या कर्जात फ्लॅटचा आकडा ऐकला की तो दुपटीच्या जरा खाली धरायचा, म्हणजे फ्लॅट दोन असेल तर साडेतीन समजून चाला. सूत्र वगैरे काही नको.

यानंतर कागद दाखवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या सगळ्या नव्या किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) द्यावं लागतं, लोक केएफएस म्हणतात, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं. त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो, व्याज, प्रोसेसिंग फी, विमा सगळं धरून वर्षाचा खरा दर. बायकांना मी सांगते की सगळा कागद वाचता नाही आला तरी हा एक आकडा शोधा आणि बाराने भागा, तुमच्या भाषेतला शेकडा मिळाला. २४ दिसलं, दोन. ३० दिसलं, अडीच. हप्ता गोळा करायला येणाऱ्या पोराला "एपीआर किती आहे भाऊ" असं विचारणारी पहिली बाई निघाली की तुमच्या वर्गाची जाहिरात गावभर आपोआप होते. मायक्रोफायनान्सच्या कर्जाला मुदतीआधी फेडलं म्हणून दंड लावता येत नाही हेही सांगून ठेवा, २०२२ च्या नियमांत आहे, बऱ्याच जणींना माहीत नसतं.

डेली कलेक्शनवाल्यांचं पण घ्या, गावात असतीलच. दहा हजार म्हणतात, हातात नऊ देतात, रोज शंभर असे शंभर दिवस. "फक्त एक हजार व्याज, दहा टक्केच की" असं वाटतं. दोन प्रश्न लावा. रक्कम किती होती हातात? सुरुवातीला नऊ हजार, शेवटी शून्य, सरासरी साडेचार धरा. मुदत किती? शंभर दिवस. म्हणजे साडेचार हजारावर शंभर दिवसांत एक हजार, शेकडा बावीस शंभर दिवसांचे, वर्षाचे ऐंशी टक्के झाले. पण इथे एक गोष्ट जपा. भाजी विकणारी बाई हे ऐकून घेईल आणि म्हणेल, मॅडम मी सकाळी हजाराचा माल घेते संध्याकाळी तेराशे होतात, मला परवडतं. आणि तिचं बरोबर आहे, तिचा पैसा रोज फिरतो. तिला उपदेश करू नका, तिला पीएम स्वनिधीबद्दल विचारा, फेरीवाल्यांसाठीची २०२० पासूनची योजना, नियमित फेडणाऱ्याला व्याजात सात टक्के सवलत मिळते, तिला माहिती आहे का, कागद आहेत का. तेच कर्ज लग्नासाठी काढलं तर मात्र पैसा फिरत नाही, तिथे ऐंशी टक्के म्हणजे ऐंशीच टक्के. हिशोब तोच, निर्णय वेगळा, आणि निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायचा. आपण आकडा समोर ठेवायचा आणि गप्प बसायचं, मला हे जमायला वेळ लागला कारण माझा स्वभाव बोलका आहे.

ऊसतोडीवाल्या जोड्या असतील तर त्यांचा वेगळा अर्धा तास ठेवा, दसऱ्याच्या आधी, नंतर त्या गावात नसतात. त्यांचा हिशोब व्याजाचा नाहीच, उचलीचा आहे. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती तोडलेल्या उसाच्या टनावर फिटते. समजा कोयत्याची, म्हणजे एका जोडीची, उचल एक लाख, आणि टनाला साडेतीनशे धरले (दर बदलतात, तिथला खरा दर त्यांनाच विचारा), तर एक लाख भागिले साडेतीनशे, २८६ टन झाले. दिवसाला जोडी किती तोडते? दोन टन. म्हणजे १४३ दिवस. आता त्यांनाच विचारा की हंगाम किती चालतो, त्यातले आजारपणाचे, गाडी न आल्याचे, पावसाचे दिवस किती. कितीतरी जणींच्या डोक्यात हे सगळे आकडे वेगवेगळे असतात, एका ओळीत कधी मांडलेले नसतात, कारण उचल नवऱ्याच्या हातात येते आणि वही मुकादमाकडे असते. स्वतःची वही ठेवायची, रोजचे टन तारखेसकट लिहायचे, एवढंच शिकवा. टन लिहिता येतील एवढे आकडे आले तरी बास आहे. खर्चीला म्हणून आठवड्याला जी रक्कम मिळते ती पण त्याच वहीत, कारण शेवटी उचलीत तीच वाढवून दाखवली जाते आणि मग "फिटली नाही, पुढच्या वर्षी या" असं होतं.

आकड्यांवरून आठवलं. वयाने मोठ्या बायका देवनागरी आकडे शिकलेल्या असतात आणि मोबाईलवर, एटीएमवर, पासबुकात सगळे इंग्रजी आकडे. आपला ४ आणि इंग्रजी आठ, आपला १ आणि इंग्रजी नऊ, घाईत सरळ गल्लत होते, आणि यूपीआयमध्ये गल्लत झाली की पैसे गेलेच. त्यात एकोणसत्तर, एकोणऐंशी, नव्याण्णव आणि एकोणनव्वद हा आपला सगळा प्रकार. म्हणून पैसे पाठवायच्या आधी रक्कम मोठ्याने वाचायची सवय लावा, आणि शून्यं मोजायची. पाचशेला दोन, पाच हजाराला तीन. हे तुम्हाला फार बाळबोध वाटेल, पण माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या बायका सगळ्यात जास्त वापरतात ती हीच गोष्ट.

पासबुक वाचनाला एक युक्ती सांगते. सगळ्यांना स्वतःचं भरलेलं पासबुक आणायला सांगा आणि शोधायला लावा: मे-जूनच्या आसपास ४३६ आणि २० रुपये कापलेत का? खूप जणींच्या खात्यात सापडतात आणि खूप जणींना वाटत असतं बँकेने उगीच कापले. ते जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनेचे पैसे, प्रत्येकी दोन लाखांचं कव्हर, पहिली कुठल्याही मृत्यूला, दुसरी अपघाताला. एखादीच्या घरात मागच्या वर्षात कोणी गेलेलं असतं आणि हे माहीतच नसल्यामुळे क्लेम केलेला नसतो. तेव्हा जमा-नावे कॉलम, शिल्लक, तारीख हे सगळं त्या शोधाशोधीत आपोआप शिकून होतं, वेगळा धडा लागत नाही. फक्त कोणाची शिल्लक किती हे दुसरीला दिसू देऊ नका, जागा लांब लांब बसवा. आणि कोणावर किती कर्ज आहे हे वर्गात कधीही विचारू नका. सुमनच्या नावावर सगळं खपवायचं. ज्यांना बोलायचंय त्या नंतर चप्पल घालता घालता बोलतात.

बचतीचं गणित. इथे चिंचोकेच परत काढा. पोस्टाची आरडी घ्या, महिना ५०० पाच वर्षं, भरले तीस हजार. व्याजदर ६.७ धरला तर शेवटी साधारण साडेपस्तीस हजारांच्या थोडे वर मिळतात. मग कोणीतरी हुशार बाई हिशोब करते की ६.७ पंचे साडेतेहतीस टक्के, तीस हजारावर दहा हजार व्याज पाहिजे, पोस्टाने साडेचार हजार खाल्ले! तिला शाबासकी द्या, कारण ती शिकलीये, आणि मग चिंचोके मांडा: पहिले पाचशे पाच वर्षं राहिले, शेवटचे पाचशे एकच महिना. सरासरी अडीच वर्षं. तीस हजार, ६.७ टक्के, अडीच वर्षं, पाच हजारांच्या आसपास, वरचे काही शे व्याजावरच्या व्याजाचे. सुमनच्या कर्जात जे फ्लॅटवाल्याने लपवलं तेच इथे उलट्या बाजूने दिसतंय. ज्या वर्गाला हे दोन्हीकडून दिसलं त्या वर्गाला पुढे काहीही विकायला येऊ दे, मला काळजी नसते.

विकायला येतातच. विमा एजंट येतो, बहुतेक वेळा ओळखीतला, कधी भाऊजीच. वर्षाला बारा हजार, पंधरा वर्षं, शेवटी अडीच लाख, "भरले एक ऐंशी, मिळाले अडीच, सत्तर हजार फायदा". लावा दोन प्रश्न. रक्कम एक लाख ऐंशी हजार. मुदत? पहिला हप्ता पंधरा वर्षं, शेवटचा एक वर्ष, सरासरी आठ. सत्तर हजार भागिले आठ, वर्षाला पावणेनऊ हजार, एक लाख ऐंशीवर म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत, आणि चक्रवाढीने मोजलं तर चार टक्केच. मी पॉलिसी मोडा असं सांगत नाही, मध्येच मोडली तर अजून तोटा, आणि भाऊजींशी भांडण ते वेगळं. नवीन घेताना मात्र विमा वेगळा आणि बचत वेगळी असे दोन वेगळे भाव विचारा म्हणते.

आणि दामदुप्पटवाले. इथे ७२ चा नियम सांगाच, पाच मिनिटांचं काम आहे. ७२ ला दराने भागलं की दुप्पट व्हायचा काळ मिळतो अंदाजे. सात टक्क्यांनी दहा वर्षं. आता कोणी म्हणतंय अठरा महिन्यांत डबल, तर ७२ भागिले १८, महिन्याला शेकडा चार. म्हणजे तो माणूस तुमच्याकडून सावकाराला जेवढं द्यावं लागतं त्याहून जास्त दराने पैसे उचलतोय. त्याला बँक शेकडा एकने देत असताना तो तुम्हाला चार का देईल? हा प्रश्न बायका स्वतः विचारतात, तुम्ही फक्त भागाकार करून द्या. ठेव कुठल्याही बँकेत ठेवली तरी त्या बँकेत प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, २०२० पासून ही मर्यादा आहे, पण ते बँकांना, गावातल्या पतसंस्थेला नाही. हे सांगताना जरा जपून, पतसंस्थेचे संचालक गावातलेच असतात आणि हॉल बहुतेक त्यांनीच दिलेला असतो.

सोन्याचं एकच सांगते, कारण वर्गात विचारतातच. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांतले २२, ०.९१६, म्हणून दागिन्यावर ९१६ असतं. आणि घडणावळ विकताना परत मिळत नाही. घडणावळ बारा टक्के दिली असेल तर सोन्याचा भाव बारा टक्के वाढेपर्यंत तुम्ही तिथल्या तिथेच आहात. ज्यांना घालायचंय त्यांनी घालावं, गुंतवणूक म्हणायचं असेल तर हा आकडा लिहून ठेवावा.

पोरं पुण्याला कंपनीत असतील आणि क्रेडिट कार्ड वापरत असतील तर आया हे विचारतात: "तो म्हणतो मिनिमम भरलं की झालं." वीस हजार बाकी, मिनिमम पाच टक्के म्हणजे हजार. महिन्याला साडेतीन टक्के व्याज सातशे, त्यावर अठरा टक्के जीएसटी एकशे सव्वीस, ८२६ गेले. मुद्दलातून कमी झाले १७४. एका आईने हे वहीत लिहून नेलं आणि पोराला फोटो पाठवला.

कॅल्क्युलेटर वापरू द्या, नक्की. पण आधी तोंडी अंदाज, मग बटणं. आणि टक्क्याचं बटण वेगवेगळ्या फोनवर वेगवेगळं वागतं म्हणून मी ते शिकवतच नाही, गुणिले अठरा भागिले शंभर, नेहमी असंच. अंदाज आणि कॅल्क्युलेटर यात दहापट फरक दिसला तर शून्य चुकलं असं समजायचं.

किती दिवसांत होईल म्हणाल तर आठवड्यातून एकदा दीड तास, अशा आठ-दहा बैठका धरा, त्याहून लांबवू नका. दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ बरी पडते, स्वयंपाक धुणीभांडी उरकलेली असतात आणि पोरं शाळेत असतात. गौरी-गणपती, पेरणी, गावची जत्रा या आठवड्यांत वर्ग ठेवूच नका. गटाच्या मासिक मीटिंगला जोडून घेतला तर सगळ्यात चांगलं, त्या दिवशी त्या येणारच असतात आणि रोकडवहीही समोर असते. त्यांच्यात ज्या एक-दोघी पटकन शिकतात त्यांना तिसऱ्या बैठकीपासून शेजारी बसवून दुसऱ्यांना शिकवायला लावा, तुम्ही मागे सरका. बाई बाईला ज्या भाषेत सांगते ती आपल्याला येत नाही, सर, विशेषतः तुम्हाला, राग मानू नका. वर्गात अजिबात लिहिता न येणाऱ्या कोणी असतील तर त्यांची नावं उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात शाळेकडे नोंदवून घ्या, पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आहे, त्यात आकडेओळख आणि आर्थिक साक्षरताही आहे, तुमच्या वर्गात मात्र त्यांना तोंडी भागावर बसू द्या, वेगळं काढू नका.

परीक्षा घेऊ नका. सर्टिफिकेट द्यायचं असेल तर सगळ्यांना द्या, सरपंचांच्या हस्ते नको, गटाच्या अध्यक्षांच्या हस्ते. शिकल्या की नाही हे तुम्हाला गटाच्या पुढच्या मीटिंगमध्ये कळेल, कर्जाचा ठराव आला की कोणीतरी विचारेल, फ्लॅट की घटत्या शिल्लकीवर? आमच्याकडे दोन गटांनी यावरून भांडून स्वतःचा नियमच बदलला, सचिवताई अजून माझ्यावर रागावून आहेत कारण तिला आता दर महिन्याला व्याज नव्याने काढावं लागतं. तिच्यासाठी मी एक कोरा तक्ता करून दिलाय, महिना, शिल्लक मुद्दल, व्याज, हप्ता असे चार रकाने, तुम्हाला हवा असेल तर सांगा, पाठवते.